भाकरीचे ऋण आणि कान्होबाचा वाटा

ऋण हा शब्द आपल्या कानांवरून नेहमी जातो. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही तीन नावे कीर्तनात टाळ धरून उभ्या राहणाऱ्या पोरालाही पाठ असतात. देवाचे ऋण पूजनाने फिटते, ऋषींचे अध्ययनाने, पितरांचे संततीने, असे शास्त्र सांगते. ठीक आहे. परंतु परक्याच्या घरची भाकरी खाऊन जो लहानाचा मोठा झाला, शिकला, चार पैसे मिळवून घरदार करून बसला, त्याचे ते भाकरीचे ऋण कोणत्या खात्यावर मांडायचे? ते फेडायचे कोणाला, आणि कशाने? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार आपल्याला करावयाचा आहे.

प्रश्न आमच्या मनचा नाही. घाटकोपर, मुलुंड, अंधेरी, बोरिवली या मुंबईच्या उपनगरांत सप्ताहाच्या निमित्ताने आमचे जाणेयेणे असते. समोर बसलेल्या श्रोत्यांत साठी-सत्तरी उलटलेले कितीतरी गृहस्थ असे दिसतात, की ज्यांचे बालपण बोर्डिंगात गेले. कोणी कोकणातला, कोणी घाटावरचा. गावात शाळा चौथीपर्यंत, जमीन असली तर पावसाच्या भरवशावरची. मग बापाने धान्याचे एक गाठोडे आणि पोरगा, दोन्ही एकदमच बोर्डिंगाच्या दारात नेऊन ठेवायचे. तिथे तो शिकला, मुंबईस आला, गिरणीत, गोदीत, महापालिकेत, बँकेत चिकटला. आधी लालबाग-परळच्या खोलीत गाववाल्यांबरोबर दाटीने राहिला, पुढे हप्त्याहप्त्याने मुलुंडला नाहीतर बोरिवलीला दोन खणांची जागा केली. ते हप्ते फेडताना जीव मेटाकुटीस आला होता. आज त्याच जागेची किंमत ऐकली म्हणजे मालकाचीच छाती दडपते!

अशांपैकी एका माळकऱ्याने काल्याचे कीर्तन आटोपल्यावर आम्हांस बाजूला घेऊन विचारले, "महाराज, मी बोर्डिंगात वाढलो. माझ्यामागे ही जागा बोर्डिंगाच्या नावे करावी असं फार दिवस मनात आहे. पण दोन मुलगे आहेत. त्यांच्या तोंडचा घास काढला, असं तर होणार नाही ना?"

किती खरा प्रश्न! यात लोभ नाही आणि ढोंगही नाही. एका बाजूला लहानपणची भाकरी ओढते, दुसऱ्या बाजूला पोटची पोरे. अशा माणसाला 'दान करा, पुण्य लागेल' एवढे सांगून वाटेला लावणे म्हणजे त्याचा प्रश्न त्याच्याच पदरात परत बांधून देणे होय. म्हणून थोडे खोलात शिरू.

पहिली गोष्ट ही, की ती भाकरी आली कुठून?

आपल्या संप्रदायाची सुरुवातच मुळी चार अनाथ पोरांपासून आहे. आळंदीच्या त्या चार भावंडांचे आईबाप गेले, गावाने वाळीत टाकले, आणि कोरान्न मागून त्यांनी दिवस काढले ही कथा आपण जन्मभर ऐकत आलो. पण ऐकताना आपले लक्ष भिंत चालली, रेडा बोलला इकडे असते. ज्या कोणा बाईने दार उघडून त्या पोरांच्या झोळीत पीठ घातले असेल तिचे नाव कोणत्याही पोथीत नाही. तिला काय माहीत, की ती कोणाला वाढते आहे? दारात पोर उभे आहे, उपाशी आहे, एवढेच तिला कळले. पुढे जे झाले त्यात त्या मूठभर पिठाचाही वाटा आहेच की नाही?

हीच मूठ पुढे संस्थांच्या रूपाने दिसू लागली. १९०९ साली पुण्यास दादासाहेब केतकर प्रभृतींनी अनाथ विद्यार्थी गृह काढले. गरीब, पोरकी मुले तिथे राहायची, झोळी घेऊन पुण्याच्या आळीआळीतून माधुकरी मागायची आणि शिकायची. आज त्या संस्थेचे नाव पुणे विद्यार्थी गृह असे आहे. घाटकोपरच्या मंडळींना तर लांब जायला नको. पंतनगरातले त्या संस्थेचे विद्याभवन रोज त्यांच्या डोळ्यांसमोर आहे. तिथे शाळा आहे, महाविद्यालय आहे. तिथून जाताना आता कोणाच्या मनात येते, की ही इमारत एका झोळीतून निघाली आहे? पुण्यातल्या ज्या घरांनी ती झोळी भरली त्यांतली बहुतेक आज उभीसुद्धा नाहीत. वाडे गेले, वाढणाऱ्या माउल्या गेल्या, आणि घातलेली भाकरी मात्र घाटकोपरात येऊन शाळा होऊन बसली.

आता साताऱ्याकडे वळू, कारण उपनगरांतले आमचे कितीतरी श्रोते त्या बाजूचे आहेत, आणि बोर्डिंग म्हटले की त्यांच्या तोंडी पहिले नाव कर्मवीरांचेच येते. भाऊराव पाटील स्वतः बोर्डिंगातले विद्यार्थी. जन्म १८८७ सालचा, कुंभोजचा. कोल्हापुरास शिकायला राहिले ते जैन वसतिगृहात. १९०८ च्या सुमारास अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, त्याच्या समारंभाला हा मुलगा गेला. परत आल्यावर आंघोळ करून आत ये म्हणून सांगण्यात आले. त्याने नकार दिला, आणि त्याला ते वसतिगृह सोडावे लागले. त्या वेळी राजर्षी शाहू महाराजांनी त्याला आसरा दिला.

इथे जरा थांबा. एका बोर्डिंगाने ज्याला बाहेर काढले त्या मुलाने पुढे काय केले? राग धरून बोर्डिंग या नावाशीच वैर धरले काय? उलट १९१९ साली काले या गावी त्याने रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांनी एकत्र राहावे, एकत्र रांधावे, एका पंगतीला जेवावे असे वसतिगृह उघडले. जे त्याला मिळाले नव्हते तेच त्याने दुसऱ्यांसाठी मांडून ठेवले. आणि जे मिळाले होते, शाहू महाराजांच्या घरचे अन्न, त्याची आठवण कशी ठेवली? १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहाचे नामकरण झाले ते श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाउस असे. शाहू महाराज १९२२ सालीच गेले होते. फेडायचे तर घ्यायला मनुष्य उरला नव्हता. म्हणून शाहूंच्या नावाने दुसऱ्यांची पोरे जेवू लागली.

याच बोर्डिंगात एकदा पोरांच्या तोंडात घालायला काही उरले नाही. लक्ष्मीबाईंनी, म्हणजे भाऊरावांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने एकामागून एक आधीच दिले होते. राहिले होते मंगळसूत्र, तेही त्यांनी मोडायला दिले. सोवळ्याओवळ्याच्या कडक वळणात वाढलेली ती बाई महारामांगांच्या, मराठ्यांच्या, मुसलमानांच्या पोरांना आपल्या पोरांसारखे करीत होती. १९३० साली ती माउली गेली. अहो, मृत्युपत्र करायला मागे काही ठेवावे लागते! तिने ते सगळे जिवंतपणीच पंगतीत वाढून टाकले होते.

त्या पंगतीत जेवलेल्या पोरांचे पुढे काय झाले? पुष्कळ त्याच संस्थेत मास्तर होऊन राहिले. बॅरिस्टर पी. जी. पाटील हे त्याच बोर्डिंगचे विद्यार्थी. विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आले. मुंबईत कोर्टाचा काळा डगला घालून पैसा करायला त्यांना कोणी अडवले होते का? पण ते रयतेच्याच कामाला लागले, आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. आपल्या संप्रदायातही हेच झाले. १९१७ साली विष्णुबुवा जोग महाराजांनी आळंदीस वारकरी शिक्षण संस्था काढली. फी नाही, गावात माधुकरी मागायची आणि ज्ञानेश्वरी, गाथा शिकायची. १९२० साली महाराज वैकुंठवासी झाले. संस्था तीन वर्षांची कोवळी, मोडायचीच ती. पण बंकटस्वामी, मारुतीबुवा गुरव, सोनोपंत दांडेकर अशा त्यांच्या शिष्यांनी ती खांद्यावर घेतली. सोनोपंत तर पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, मोठा विद्वान मनुष्य. जन्मभर अविवाहित राहिले आणि संप्रदायाची सेवा करीत १९६८ साली गेले.

या सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे. भाकरी ज्याने वाढली त्याला परत करता येत नाही. तो उरलेलाच नसतो, नाहीतर त्याला गरज नसते, नाहीतर तो कोण हेच ठाऊक नसते. सावकाराचे कर्ज मागे फिरून फेडायचे असते. भाकरीचे कर्ज फेडायला पुढे पाहावे लागते. मागच्या पंगतीला मी जेवलो, आता पुढची पंगत बसली आहे, वाढायला उठायचे. वारीत हे आपण रोजच करतो. यंदा लोणंदला ज्या घरी पिठलेभाकरी खाल्ली त्या घरची फेड आपण करीत नाही; आपल्या दारावरून दुसरी दिंडी जाते तिला पाणी देतो.

म्हणून त्या माळकऱ्याच्या मनात आले ते चुकीचे नाही, अगदी रास्त आहे. पण त्याचा खरा प्रश्न मुलांचा होता, तो अजून राहिलाच.

त्याला उत्तर देहूला सापडते. तुकोबारायांनी कर्जखते इंद्रायणीत बुडवली ही गोष्ट कोणाला ठाऊक नाही? वडिलांची सावकारी होती, गावोगावच्या लोकांनी लिहून दिलेले कागद घरात होते. दुष्काळाने लोक नागवले होते. तुकोबांनी ते कागद डोहात सोडले, इतके आपण सांगतो आणि टाळी घेतो. पण महाराजांच्या चरित्रकारांनी त्या आधीचा एक प्रसंग सांगून ठेवला आहे, तो घाईत निसटतो. धाकटे बंधू कान्होबा म्हणाले, "दादा, तुम्हांला वैराग्य आले, पण माझ्या मागे प्रपंच आहे." तेव्हा तुकोबांनी कागदांचे दोन वाटे केले. अर्धे कान्होबांना दिले. राहिलेले अर्धे, जे आपल्या वाट्याचे, ते तेवढे इंद्रायणीला दिले.

केवढा विवेक आहे हा! ज्या पुरुषाला सोने आणि माती सारखी, त्याला भावाचे कागद बुडवायला कितीसा वेळ लागला असता? जगाने त्यांना आणखीच मोठे म्हटले असते. पण दुसऱ्याच्या वाट्यावर आपले औदार्य दाखवायचे नाही, हे त्यांनी पाळले. आणि याची दुसरी बाजूही पाहा. कान्होबाचा वाटा दिल्यावर मग आपल्या वाट्याबद्दल कोणाला विचारत बसले नाहीत.

तर बाबांनो, मृत्युपत्र लिहायला बसण्याआधी हे दोन वाटे मनात करा. कान्होबाचा वाटा कोणता? घरधनिणीला तिच्या अखेरपर्यंत डोक्यावर छप्पर आणि ताटात अन्न, हा पहिला. एखादे मूल आजारी असेल, एखादी मुलगी माहेरी येऊन राहिली असेल, नातवाचे शिक्षण अर्ध्यावर असेल, तर तो दुसरा. वडिलोपार्जित शेतजमीन असेल तर त्यात मुलाबाळांचा हक्क जन्मापासूनचा. त्यातला फक्त स्वतःचा हिस्साच तुम्हांला लिहून देता येतो. कायदाही तेच सांगतो आणि देहूही तेच सांगते. राहिले ते स्वकष्टार्जित. ते तुमचे. त्यातून मुलांना किती द्यायचे आणि बोर्डिंगला किती, हे ठरवायचा अधिकार तुमचा आहे. मुलगे नोकरीधंद्याला लागलेले, त्यांच्या जागा झालेल्या, तरीही बापाच्या दोन खणांवर ते डोळा ठेवून असतील, तर त्यांच्या तोंडचा घास तुम्ही काढत नाही. तो घास त्यांच्या तोंडचा नव्हताच. सगळी जागा देणे झेपत नसेल तर चौथा हिस्सा लिहा, बँकेतली एक ठेव लिहा. वर्षाला एका पोराचे जेवण निघाले तरी झाले.

काही लोक म्हणतात, मेल्यावर देण्यात कसले मोठेपण? हातून सुटल्यावर सगळेच दाते! या बोलण्यात तथ्य आहे, आम्ही नाकारीत नाही. लक्ष्मीबाईंच्या मंगळसूत्राशेजारी कोणतेही मृत्युपत्र ठेवले तर ते फिकेच पडेल. ज्याच्या हातात आज रोकड आहे त्याने मृत्यूची वाट पाहू नये, आजच वर्षासन बांधून द्यावे. परंतु ज्याची सगळी कमाई त्या दोन खणांत अडकली आहे त्याने काय करावे? म्हातारपणी घर देऊन बायकोला घेऊन फलाटावर झोपावे? त्याच्यासाठी मृत्युपत्र हीच सरळ वाट आहे. आम्ही जिवंत आहोत तोवर आम्ही राहू, आमच्यामागे पोरे जेवोत. यात कमीपणा काही नाही.

कमीपणा येतो तो अटींनी. देणगी देताना पुष्कळांची लेखणी इथे घसरते. अमुक जातीच्याच मुलाला द्यावे. अमुक गावच्याच मुलाला द्यावे. दारावर संगमरवरी पाटी लावावी, तीवर वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, दात्याचे नाव सोनेरी अक्षरांत. अरे, ज्या पंगतीत तू जेवलास तिथे वाढणाऱ्याने तुझी जात विचारून मग भाकरी टाकली असती तर? सर्व जातींच्या पोरांना एकत्र बसवण्यासाठी जे बोर्डिंग निघाले, त्याच्याच नावे जातीची अट घालून पैसा ठेवणे म्हणजे कर्मवीरांना पुन्हा आंघोळ करून आत यायला सांगणे आहे. गावाचे म्हणाल तर आमचा इतका विरोध नाही. दुष्काळी गावाचा पोर आधी घ्यावा ही इच्छा असू शकते. पण तीही इच्छा म्हणून लिहा, अट म्हणून लिहू नका. पन्नास वर्षांनी त्या गावात बोर्डिंगला येणारा मुलगा नसेल, आणि पैसा कुलुपात कुजेल.

पाटीविषयी एवढेच सांगतो. गाडगेबाबांनी पंढरपूर, देहू, आळंदी, नाशिक इथे धर्मशाळा बांधल्या. लाखो रुपये त्यांच्या शब्दावर गोळा झाले. आपल्या घरच्यांना त्यांतली एक खोली त्यांनी वापरू दिली नाही. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, गरीब मुलांच्या शिक्षणासाठी. १९५६ साली बाबा गेले तेव्हा त्यांच्यापाशी काय होते? गाडगे आणि चिंध्या. नाव राहायचे ते राहिलेच आहे.

आता व्यवहाराचे चार शब्द, कारण भावना चांगली आणि कागद कच्चा, असे पुष्कळ ठिकाणी होते. मृत्युपत्राला स्टॅम्पपेपर लागत नाही. साध्या कागदावरही चालते. पण खाली तुमची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पाहिजेतच. साक्षीदार असे घ्यावेत की ज्यांना त्या मृत्युपत्रातून काही मिळायचे नाही, आणि जे तुमच्यापेक्षा वयाने लहान आहेत. तुमच्याबरोबरचा काठी टेकणारा टाळकरी घेऊ नका. नोंदणीची सक्ती नाही, तरी जागेचा प्रश्न असेल तर निबंधकाच्या कचेरीत नोंद केलेली बरी. पुढे भांडण निघाले तर तिचा आधार होतो. मन बदलले तर जिवंत असेपर्यंत केव्हाही नवे मृत्युपत्र करता येते, म्हणून घाबरायचे कारण नाही.

दुसरे असे, की सोसायटीत नॉमिनी म्हणून ज्याचे नाव लावले तोच मालक होतो, अशी एक समजूत उपनगरांत घट्ट बसली आहे. ती खरी नव्हे. नॉमिनी हा ताबा सांभाळणारा. मालकी जायची ती वारसाहक्काने किंवा मृत्युपत्राने. तेव्हा नॉमिनीच्या रकान्यात एक नाव आणि मृत्युपत्रात दुसरे, असा घोळ करून ठेवू नका. आणि 'आमच्या बोर्डिंगला' असे मोघम लिहू नका. बोर्डिंग चालवणारी संस्था कोणती, तिचे सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेले पूर्ण नाव काय, नोंदणी क्रमांक काय, हे विचारून घ्या. जुन्या संस्थांची नावे बदललेली असतात, अनाथ विद्यार्थी गृहाचे आपण वर पाहिलेच. त्या निमित्ताने एकदा तिथे स्वतः जाऊन या. पोरे काय खातात ते ताटाजवळ बसून पाहा. हिशेब मागा, संस्था सचोटीची असेल तर ती हिशेब दाखवायला लाजणार नाही. जिथे हिशेब विचारल्यावर तोंडे वाकडी होतात तिथे जागा लिहून देण्याची घाई करू नये, मग ते बोर्डिंग तुमचे स्वतःचे का असेना. त्यापेक्षा पोरांना नीट जेवू घालणारे दुसरे बोर्डिंग शोधावे. ऋण भाकरीचे आहे, भिंतींचे नव्हे.

आणि सर्वांत अवघड काम राहिले. मुलांना सांगणे. मृत्युपत्र लोखंडी पेटीत तळाला घालून वर गाथा ठेवायची, आणि तेराव्यानंतर मुलांनी ते उघडून एकमेकांकडे बघायचे, ही रीत बरी नाही. तुकोबांनी वाटे केले ते कान्होबांच्या समोर केले. दोघा मुलग्यांना, सुनांनाही, एका संध्याकाळी हरिपाठ झाल्यावर बसवा. बोर्डिंगात काय खाल्ले ते सांगा. भाकरी कशी वाटून खायचो, सुट्टीत घरी जायला एस.टी.चे पैसे नसले म्हणजे कोण ठेवून घ्यायचे, आजारी पडलो तेव्हा उशाशी कोण बसले, हे त्यांना तुम्ही कधी सांगितलेच नसेल. मग कागद काढा आणि वाचून दाखवा. एखादा रागावेल, उठून जाईल. जाऊ द्या, चार दिवसांनी परत येईल तेव्हा पुन्हा बसा, आणि त्याचे म्हणणे काय ते ऐकून घ्या, कारण कदाचित त्याची एखादी अडचण तुम्हांला ठाऊकच नसेल आणि कान्होबाचा वाटा मोजताना तुमच्याकडून काही राहिले असेल. त्याप्रमाणे कागद दुरुस्त करून मगच सह्या घ्या. एक प्रत ज्याला व्यवस्थापक नेमला त्याच्याकडे, एक संस्थेकडे, आणि एक घरात, सर्वांना ठाऊक असेल अशा जागी ठेवा.